पिंपाचं घड्याळ

साखरपुड्याचे पाहुणे यायला तीन तास उरले होते आणि राहनाळचे केसरीनाथ नवं घड्याळ नाकाशी धरून बसले होते. जावयाला द्यायचं घड्याळ. लाकडाचं, हाताने घडवलेलं, लेकीनेच, मृणालीनेच, नेटवरून मागवलेलं. सोबतचं इंग्रजी कार्ड मात्र तिने आज वाचलं. लाकूड व्हिस्कीच्या जुन्या पिंपाचं होतं. घड्याळाच्या पाठीवरही तेच कोरलेलं.

होणारे व्याही चांगदेवभाऊ कट्टर माळकरी. सहा वर्षांपूर्वी दारू सोडून माळ घातली, तेव्हापासून गुत्ता दिसला तरी गाडी दुसऱ्या रस्त्याने नेणारे. आणि त्यांच्या कुणालच्या मनगटावर व्हिस्कीचं पिंप! मोडलंच म्हणायचं लग्न.

दुसरं घड्याळ आणायला धामणकर नाक्यावर जावं, तर रस्त्यात ट्रकांची रांग हलत नव्हती. त्यांच्या बायकोला, कमळाताईंना, वाटलं की वास गेला म्हणजे झालं. त्यांनी घड्याळ साबणाच्या पाण्यात बुडवलं. लाकूड फुगलं, काटे थांबले आणि वास दुप्पट सुटला. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, म्हणून मृणालीने ते तांदळाच्या गोणीत खुपसलं. गडबडीत कमळाताईंनी भात नेमका त्याच गोणीतला रांधला.

घड्याळ मागाहून देतो म्हणत केसरीनाथांनी वेळ मारून नेली. पंगत बसली. चांगदेवभाऊंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. केसरीनाथांनीही मिटले.

"भात वाढा," चांगदेवभाऊ म्हणाले. असं तीनदा म्हणाले. मग हळूच विचारलं, "तांदूळ कुठला?"

"घरचाच हाय, भाऊ."

"वास लय ओळखीचा वाटतो."

व्याह्यांना भात आवडला, या आनंदात कमळाताईंनी निघताना ती गोणीच त्यांच्या गाडीत चढवली. गाडी मानकोलीकडे वळल्यावर मृणालीने विचारलं, "आये, घड्याळ काढलंस ना?" "मला वाटलं, तूच काढलंस," कमळाताई म्हणाल्या.

संध्याकाळी फोन आला. चांगदेवभाऊंचा आवाज दबका होता.

"गोणीत घड्याळ सापडलं. पाठीवरचं वाचलं."

"भाऊ, पाया पडतो तुमच्या. पोरीची काय चूक न्हाय."

"बंद पडलंय ते," चांगदेवभाऊ म्हणाले. "पण वास चालू हाय." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला, लांब आणि खोल. "कुणालला दुसरं घ्या. आणि ह्याचं आमच्या घरात कुणाला बोलू नका."