तुळजाबाईंची वीस बोर

धर्मराज पाटलांचा उजवा खांदा काळानिळा पडला होता, आणि तो बायकोच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी अंघोळीची वेळच बदलली होती. वाटूरच्या शिवारात त्यांच्या बारा बोरच्या बंदुकीचा दरारा होता. तितर पडो न पडो, आवाजाने गावची कुत्री गोठ्यात शिरत. पण बार निघाला की ती बंदूक मागेही तितक्याच जोराने लाथ घाली. वय वाढलं तशी पाटलांना त्या लाथेची धास्ती बसली. चाप ओढण्याआधीच डोळे गच्च मिटायचे, आणि उघडेपर्यंत तितर पलीकडच्या टेकडीवर उतरलेला असायचा.

यावरचा इलाज त्यांना माहीत होता. बारीक नळीची हलकी बंदूक घ्यायची. पण तीर्थपुरीचे काकासाहेब देशमुख प्रत्येक शिकारीला ऐकवत, की बारा बोरपेक्षा बारीक बंदूक हे बायकांचं काम. काकासाहेब मिशीला पीळ देत बोलले, की ते बोलणं पाच गावांत जायला एक बाजार पुरे होई.

तरी एका बाजाराच्या दिवशी पाटील जालन्याला गेले आणि मस्तगडावरच्या नवलकिशोर शेठजींच्या दुकानात शिरले. शेठजी वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल आवरून घेणारे गृहस्थ, पण साहेबलोकांना विलायती बंदुका विकून विकून त्यांना त्यातलं सगळं कळू लागलं होतं. त्यांनी गादीवर मखमल अंथरून तीन बंदुका मांडल्या. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे समजावून सांगितलं. सोळा बोर ही बाराचीच सख्खी बहीण, लाथ मारायची खोड तीच. अठ्ठावीस फुलासारखी, पण तिच्यात छर्रे मोजके मावतात, आणि माळावरचा तितर लांबून उठतो. वीस बोर मात्र दिवसभर टेकड्या तुडवल्या तरी हाताला जड होत नाही. शिवाय रेल्वेचे गोरे साहेब छावणीच्या मैदानावर मातीच्या थाळ्या हवेत उडवून फोडतात, त्या खेळालाही ती बरी.

पाटलांनी वीस बोर खांद्याला लावली. अक्रोडी लाकडाचा दस्ता गालाला असा टेकला की खाली ठेववेना. शेठजींनी त्यांच्या निवडीची तारीफ केली आणि सहज विचारलं, की घरात बारा बोर असताना ही कशाला? दुकानात परतूरकडची दोन माणसं बत्तीच्या काचा बघत बसली होती. दोघांनीही मान वर केली.

"माझ्यासाठी न्हाई," पाटील म्हणाले. "घरातल्या मंडळींना हौस हाय."

शेठजींचा चेहरा खुलला. अशी बंदूक अंगरख्यासारखी अंगाला बसावी लागते, तेव्हा पाटलीणबाईंचं माप पाठवा, म्हणाले. पाटलांनी क्षणभर विचार केला आणि माझंच माप घ्या, मंडळी माझ्याएवढ्याच उंच आहेत, असं सांगून टाकलं. पाटलीणबाई, म्हणजे तुळजाबाई, जेमतेम त्यांच्या छातीपर्यंत येत. शेठजींनी हात मापले, मान मापली, आणि मग चांदीच्या पट्टीवर नाव कोरायचं म्हणून पाटलीणबाईंचं नाव विचारलं. आता मागे फिरायला वाट नव्हती. परवाना पाटलांचा, खांदा पाटलांचा, आणि नाव तुळजाबाईंचं, अशी ती बंदूक यथावकाश वाटूरला आली आणि कडब्याच्या गंजीत लपून राहिली.

पण शेठजींच्या पोटात एवढी अपूर्वाईची गोष्ट कशी राहावी? त्यांनी ती रेल्वेच्या इंजिनिअरसाहेबांच्या मडमेला सांगितली. मडम स्वतः थाळ्या फोडण्यात पटाईत. येत्या रविवारी छावणीच्या मैदानावर पाटलीणबाईंनी यावंच, असा निरोप घेऊन तिचा चपराशी वाटूरला आला, तेव्हा पाटील शेतात होते. तुळजाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चपराशाला गूळपाणी दिलं.

संध्याकाळी त्यांनी पाटलांपुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "मी बंदूक कवापासून चालवून राह्यले?"

पाटलांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी सगळं सांगितलं, खांदाही दाखवला. तुळजाबाई हसतील किंवा भांडतील, अशी त्यांची तयारी होती. पण त्या उठल्या आणि गरम हळद घेऊन आल्या. ती खांद्याला लावून घेताना पाटलांना वाटलं, यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी मडमेला उलट निरोप धाडला, की मंडळींना ताप आहे. मडम भली बाई. तिने रविवारी सकाळी मोटारीतून रेल्वेचा डॉक्टरच पाठवला. डॉक्टर वाड्यात आला तेव्हा तापकरी बाई पदर खोचून मिरच्या कांडत होत्या.

"चला आता," तुळजाबाई हात धुऊन म्हणाल्या. "येते मी. पण खोटं बोलणार न्हाई."

पाटलांनी गंजीतून बंदूक काढली आणि दोघं डॉक्टरच्या मोटारीत बसली. मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. काकासाहेब बारा बोर घेऊन आधीच आले होते, आणि शेठजीही पागोटं घालून बसले होते. त्यांनी बार काढला, खुर्च्यांवरच्या बायका दचकल्या आणि थाळी जशीच्या तशी गवतात जाऊन पडली. काकासाहेबांनी वाऱ्याला दोष दिला आणि खांदा चोळत बाजूला झाले. मग मडमेने कौतुकाने वीस बोर तुळजाबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती उचलली तर दस्ता काखेतून मागे निघाला आणि नळीचं तोंड इंजिनिअरसाहेबांच्या बुटांकडे वळलं. साहेब पटकन खुर्चीमागे गेले.

मडम शेठजींकडे वळली. एवढ्या नामांकित दुकानात माप असं घेतात का, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. शेठजींचा चेहरा पांढरा पडला. पागोटं सावरत ते काहीतरी पुटपुटले, पण पाटलांचं नाव काही त्यांनी घेतलं नाही.   जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटून पाटील खुर्च्यांच्या मागे सरकले.

"शेठजी, तुमचं माप बराबर हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "बंदूक ह्यांच्याच मापाची हाय. मला चालवता येत न्हाई."

 मडमेने एकदा चांदीच्या पट्टीवरच्या नावाकडे पाहिलं, एकदा पाटलांकडे, आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. पाटलांनी दस्ता गालाला टेकवला. थाळी उडाली. बार निघाला, खांद्याला कुणी हळूच थोपटावं तसं वाटलं, आणि थाळीचा चुरा हवेत पसरला. दुसरीही फुटली, तिसरीही.

"वा पाटील," काकासाहेब ओरडले, "बायकोच्या बंदुकीनं फोडल्या बरं का!"

सगळं मैदान हसलं. पाटील मान खाली घालून मोटारीत बसले. 

वाटूरच्या वेशीजवळ तुळजाबाई म्हणाल्या, "डोळे उघडे होते तुमचे. मी पाह्यलं."

त्यानंतर पाटलांनी जालना टाकलंच. बाजारालाही गडी पाठवू लागले. पण काडतुसं संपली, आणि ती आणायला स्वतःलाच जाणं भाग होतं. भर दुपारी, रस्ता ओस असताना, ते मस्तगडावर पोचले आणि तोंडाला उपरणं लावून शेठजींच्या दुकानात मागच्या दाराने शिरले.

आत काकासाहेब देशमुख कोट काढून, उजवा हात सरळ पुढे करून उभे होते. शेठजी त्यांच्या दंडाला फीत लावत होते. गादीवर मखमल अंथरून तिच्यावर अठ्ठावीस बोर ठेवली होती. पाटलांना पाहताच काकासाहेबांचा हात हवेतच राहिला.

"आमच्या मंडळींसाठी घेऊन राह्यलो," ते म्हणाले. "लई दिवसांपासून मागं लागल्या होत्या."

काकासाहेबांच्या मंडळी पटकीच्या साथीत गेल्या, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. तेराव्याचं जेवण पाटील स्वतः जेवून आले होते. शेठजी फितीवरचा आकडा फार बारकाईने वाचू लागले. काकासाहेबांची नजर हळूहळू जमिनीकडे गेली, आणि पाटलांना तो चेहरा इतका ओळखीचा वाटला की त्यांनी उपरणं खाली घेतलं आणि गादीवर बसले.

"अठ्ठावीस नका घेऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वीसच घ्या. वहिनींना बरी पडंल."