कमरेपर्यंत चढलेला हिरवा

चार वर्षं रॉटरडॅमला छायाचित्रण शिकून मी जावा बेटावर, जोग्जाला परतले, तेव्हा माझी अशी कल्पना होती की आता जगाला खरा जावा दिसणार. कोळ्यांचे भेगाळलेले हात, मासळीबाजारातल्या बायका, सगळं जसंच्या तसं, रंगरंगोटीशिवाय! प्रत्यक्षात जावाने माझ्यासाठी एकच काम राखून ठेवलं होतं: माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्बाक (म्हणजे ताई) पालुपीच्या, लग्नाचा दारावरचा फ्लेक्स. सात फूट बाय दहा.

फोटो काढायला दक्षिण किनाऱ्यावर निघालो तेव्हा इबूने (आई म्हणजे पोलीसच) सगळ्यांची झडती घेतली. अंगावर हिरवं काही नाही ना? तो समुद्राच्या राणीचा रंग. तो घालून पाण्याजवळ गेलेल्याला ती आपला समजून घेऊन जाते. माझी पुदिन्याच्या गोळ्यांची डबीसुद्धा गाडीत ठेवायला लावली. मी हसले.

घरी संगणकावर फोटो उघडला आणि जीव खट्टू झाला. समुद्राला बशा विसळलेल्या पाण्याचा रंग! अशा वेळी भिंगापुढे एक काच लावतात, खाली गडद रंगाची आणि वर जाता जाता विरत कोरी होणारी. ती काच मी नेली नव्हती. पण तोच परिणाम संगणकावर साधता येतो: रंग निवडायचा, तळापासून वर रेघ ओढायची, कुठे विरायचं ते ठरवायचं. मी पाचूचा रंग निवडला आणि तो म्बाकच्या कमरेशी विरवला. समुद्र काय खुलला!

रंग तिच्या पांढऱ्या झग्यावरही चढला होता. तेवढा पुसता आला असता. पण समुद्र कुठला आणि झगा कुठला, हे खरी काच थोडीच बघते? मग पुसणं म्हणजे लबाडी! (आणि राणी काही संगणकात राहत नाही, असंही मला वाटलं.)

लग्नाला तीन दिवस उरले असताना फ्लेक्स दारावर चढला. दुपारी नवरामुलगा जात्मिको त्याच्या आजीला, म्बाह सुमिराहना, घेऊन आला. जात्मिको रोज पहाटे त्याच समुद्रात होडी घालतो. म्बाह फाटकात थबकल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या.

"कमरेपर्यंत आलीय," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण, म्बाह?"

"लग्नापर्यंत गळ्याशी येईल."

इबूच्या हातातलं, पानात गुंडाळलेल्या लेम्पेरच्या भाताचं ताट खाली पडलं.

"म्बाह, तो नुसता रंग आहे," मी उत्साहाने सुरुवात केली. "संगणकातला. खालून वर विरत जाणारा..."

"माझ्या नवऱ्याचा सदरा हिरवाच होता," म्बाह म्हणाल्या. "समुद्राने सदरा परत दिला."

यावर रॉटरडॅममध्ये काही शिकवलेलं नव्हतं.

"हा फोटो आहे तोवर लग्न नाही," त्यांनी निकाल दिला. "उद्या सकाळी सगळे किनाऱ्यावर. नवा फोटो. आणि जिने हिरवा चढवलाय, तिने गुडघाभर पाण्यात जाऊन राणीला फुलं वाहायची."

म्बाक पालुपी रडू लागली. "नालायक! तुला युरोपातून बोलावलं कुणी?"

मी संगणकाकडे धावले. हिरव्यावर उलटा, लालसर रंग तसाच तळापासून चढवला की हिरवा मरतो. मेला खरा, पण समुद्र रक्ताचा झाला आणि म्बाक त्यात उभी. इबूने ते बघितलं आणि संगणकच बंद केला.

"उतरव आधी तो फ्लेक्स!"

मी अंगणात शिडी लावून वर चढले. ऊन कलतं होतं. तेवढ्यात वारा सुटला, फ्लेक्सची मधली दोरी तुटली आणि कापडाला असा झोळ पडला की कमरेपासून खांद्यापर्यंतची म्बाक त्यात गडप झाली. वर डोकं, हसरं. त्याला लागूनच हिरवा.

गळ्याशी.

मी किंचाळले. (शास्त्रीय दृष्टी असलेल्या माणसाने किंचाळावं तसंच, मोजकं, पण मनापासून.) शेजारचे चार जण धावत आले. फ्लेक्स त्यांनी उतरवला. मला शिडीवरून उतरवायला जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यापीठाचं हिरवं जाकीट घरीच ठेवलं. "थंडी वाजेल," इबू म्हणाली. "धुवायचंय," मी म्हणाले. कॅमेऱ्यावरचा इवलासा दिवा हिरवा लुकलुकत होता. त्यावर पट्टी चिकटवली. पाण्यात फुलं सोडताना एक लाट मांडीपर्यंत आली आणि मी अस्खलित जावानीजमध्ये राणीची माफी मागितली. डचमध्येही मागितली, न जाणो.

मग फोटो काढला. झगा पांढराशुभ्र. म्बाहनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे बारीक करून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "झालं. परवा लग्न." जात्मिकोने सुटकेचा निःश्वास सोडला. मीही.

"फक्त समुद्र गढूळ आलाय गं," म्बाह म्हणाल्या. "जरा निळा करता येतो का?"

लाट पुन्हा माझ्या पायापर्यंत आली. मी तिथल्या तिथे निर्णय घेतला.

"नाही म्बाह. संगणकावर तसलं काही करता येत नाही."

म्बाहनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "मग चार वर्षं तिकडे करत काय होतीस?"