पिंपाचा बंदोबस्त

"आमच्या कारखान्यातून आजवर चमचाभर अ‍ॅसिडसुद्धा चोरीला गेलेलं नाही," असं मी तपासनीस साहेबांना छाती फुगवून सांगितलं. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पिंप आणि बायको. आम्ही संडास साफ करायचं औषध बनवतो.

"म्हणजे सगळं अ‍ॅसिड अजून इथंच आहे," साहेब गंभीर झाले. "मग तर धोका फारच मोठा."

त्यांनी आमचा परवाना स्वतःच्या खिशात घातला. पिंपाचा बंदोबस्त होईपर्यंत तो तिथंच राहणार होता. आणि केलेला बंदोबस्त मोडायचा तर त्यांची लेखी परवानगी लागेल, तोंडी चालणार नाही, असंही त्यांनी बजावलं.

आम्ही खिडकीवर पोलादी पत्रा ठोकला. पहारेकरी नेमला. दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसवलं. ठसा आतूनही लागतो, म्हणजे चोर शिरलाच तर त्याला बाहेर पडता येऊ नये. त्या कुलपापायी टेम्पो विकला.

"अहो, आता माल काय डोक्यावरून पोचवायचा?" बायकोने विचारलं.

"आधी सुरक्षा, मग माल."

"चोर येईल ना, तर आपली दशा बघून काहीतरी ठेवूनच जाईल."

मी ऐटीत कुलपावर बोट ठेवलं. 'अनोळखी व्यक्ती,' कुलूप म्हणालं आणि भोंगा वाजला. बायकोचंही तेच. वर्षानुवर्षं अ‍ॅसिडमध्ये काम करून आमच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या. ठसे शाबूत होते एकट्या पहारेकऱ्याचे, कारण त्याने जन्मात हाताने काही केलं नव्हतं.

मग तोच आत जाऊन औषध कालवू लागला. बायको दाराबाहेरून ओरडायची, "आधी पाणी, मग अ‍ॅसिड. उलटं केलंस तर तुझीच सफाई होईल." हातमोजे घेणार होतो, पण ते पैसे कुलपात गेले. थोड्याच दिवसांत त्याचीही बोटं गुळगुळीत झाली. आम्ही दुसरा पहारेकरी ठेवला. मग तिसरा.

एवढीशी बाटली इतकी महाग कशी, म्हणून तुम्ही दुकानदाराशी हुज्जत घालता ना? तिच्यात औषध झाकणभरच असतं. बाकी तुमची सुरक्षा.

शेवटी साहेब तपासणीला आले आणि भलतेच खूश झाले. तिसऱ्याचीही बोटं गेली होती, म्हणून त्यांनी कुलपात स्वतःचा ठसा नोंदवला आणि एकटेच आत गेले. दार मागे बंद झालं. अ‍ॅसिड खरं आहे का, हे त्यांनी तेच बोट बुडवून पाहिलं.

आतून एक शिवी ऐकू आली. मग कुलपाचा आवाज, 'अनोळखी व्यक्ती.'

"दार फोडा," साहेब ओरडले.

"तुमच्या लेखी परवानगीशिवाय कसं फोडायचं?" मी म्हणालो. "नियम आहे."

"मी तोंडी देतोय ना."

"तोंडी चालत नाही, साहेब, तुम्हीच सांगितलंत," बायको म्हणाली. "पिंपाचं झाकण तेवढं लावून बसा."

कागद सरकवायला दाराखाली फट नाही. ती नियमानुसार आम्हीच बुजवली.

आमचा परवाना मंजूर झाला आहे. आत जाण्याआधीच साहेबांनी त्यावर सही केली आणि तो परत खिशात ठेवला.