सासूबाईंच्या फ्रीजवरील मोहीम व जावईबुवांची सनद

आज्ञा जाहली की, जावईबुवांस घरोघरची विजेची नासाडी तपासण्याची सरकारी सनद कैसी प्राप्त जाहली, ते वर्तमान साकल्ये लिहावे. त्यावरून सेवकाने, स्मरण शाबूत व पोट भरलेले असता, लेखणी हाती धरिली. अधिक-उणे असेल ते जावईबुवांचे माथी.

ऊर्जाखात्याचे फर्मान सुटले की, सनदेवाचून कोणी कोणाचे घर तपासू नये. सनद मागणाराने आपले सोडून दुसरे एक घर तपासावे, खरा अहवाल करावा, त्यावर घरधन्याची सही आणावी, मग खात्याचे साहेब जातीने येऊन, अहवाल घराशी पडताळोन रुजुवात घेतील. लबाडी निघाल्यास सनद कायमची बुडाली. जावईबुवा बेकार, संसार राणीसाहेबांचे पगारावर. म्हणोन कंबर कसली आणि सारी गल्ली फिरले आणि सर्वांनी दारे लाविली, मग नाइलाजे सासूबाईसाहेबांचे मुलखात शिरले.

तेथे टॉर्च, मीटर, शिडी ऐसा सरंजाम लावून खिडक्यांच्या फटी धुंडाळिल्या, आणि माळ्यावर चढले, आणि शिंकत उतरले, आणि मग स्वयंपाकघरी गनीम सापडला. कैलासवासी सासरेबुवांनी आणिलेला फ्रीज, देहाने बुलंद, अखंड घरघरणारा, घराची निम्मी वीज एकटा फस्त करी. जावईबुवांनी अहवाली लिहिले की, यास काढावे. ते वाचोन सासूबाईसाहेब संतप्त जाहल्या, चहा दिला तो बिनसाखरेचा, आणि सही मिळणार नाही ऐसा जबाब केला. खरे लिहावे तर सासू अडविते, खोटे लिहावे तर साहेब बुडवितो. इकडे आड, तिकडे विहीर. राणीसाहेबांनी हप्त्याने नवा फ्रीज नजर करण्याची मसलत काढिली, तीही फेटाळिली गेली.

मग जावईबुवांनी मीटर पाहण्याखातर फ्रीजचे बटण बंद केले. घर चिडीचूप जाहले. सासूबाईसाहेब डोळे टिपू लागल्या.

"जुना झालाय, मला का कळत नाही? पण हा बंद झाला की घरात कुणाचा आवाजच नाही हो."

जावईबुवांनी हातचा मीटर खाली ठेविला. मग म्हणाले, "रोज संध्याकाळी मी येत जाईन. फक्त मला गप्प बसायला सांगू नका."

राणीसाहेबांनी या तहास मंजुरी दिली, ती इतकी तातडीने की सेवकास नवल वाटले. सही जाहली, साहेब आले, रुजुवात जुळली, सनदेवर मोहोर उठली, आणि जुना फ्रीज टेम्पोत घालोन रवाना केला.

हल्ली स्वयंपाकघरी राणीसाहेबांनी हप्त्याने आणिलेला नवा, मुका फ्रीज नांदतो. जावईबुवा रोज सांजेस हजर होऊन अखंड बोलतात, आणि सासूबाईसाहेब खुर्चीत निवांत झोपी जातात. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल केली असे.