होय म्हणणाऱ्या स्क्रिप्टीची हकीकत

श्रीविद्युद्देवी प्रसन्न, आणि हें लिहून होईतों वीज न जावो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, ज्येष्ठ मासीं वर्तमान जाहलें तें ऐसें जे, अमुक राज्याचीं दूरदूर सर्व्हर नांवाचीं ठाणीं होतीं, आणि तेथें रोज हुकूम पोंचविण्यास निवेदिताबाई ढमढेरे यांणीं एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी हुकुमांची यादी, सिद्ध केली, ती प्रत्येक वेशीवर पासवर्ड सांगे, हुकूम बजावी आणि पुढें जाई. बाईंची चाकरी हंगामी. महिना बिनचूक गेला तर कायम करूं, ऐसें सरकारांचें वचन होतें. तों एके सकाळीं स्क्रिप्ट पहिल्याच वेशीवर जी थबकली ती हलेचना. मग दरबार भरला, आणि दिवाण दौलतराव मुळूक बोलिले, "तारच तुटली असणार," आणि मुत्सद्दी बोलिले, "बंद करून चालू करा," आणि चहा जाहला, आणि तारा बदलिल्या, आणि यंत्रास लिंबूमिरची बांधिली, आणि कांहीं एक उपयोग जाहला नाहीं. मग बाईंनीं स्वहस्तें एकेक हुकूम देऊन पाहिला, तों उमगलें कीं दिवाणांनीं कालच सर्व वेशींवर सरकारांचा गौरवलेख लाविला आहे, आणि खालीं प्रश्न, "सरकार थोर आहेत, मान्य काय?" स्क्रिप्टीस ठाऊक एवढेंच कीं वेशीनें पासवर्ड विचारावा आणि आपण सांगावा, त्या विचारण्याची वाट पाहत बापडी उभीच राहिली.

बाई म्हणाल्या, "अहो, तेवढा लेख काढा ना." दिवाण कडाडले, "जिभेला कांहीं हाड? तुमच्या स्क्रिप्टीला शिकवा, कोणी कांहींही विचारो, होय म्हणायचं!"

"कांहींही? अंगाशीं येईल हो!"

"आमची हयात गेली होय म्हणण्यांत. आमच्या काय अंगाशीं आलं?"

बाईंस चाकरी हवी होती. मन खात होतें तरी तैसेंच केलें. आणि काय सांगावें, स्क्रिप्ट वाऱ्यासारखी सुटली, आणि दिवाणांस शेला मिळाला. मग शेवटल्या ठाण्यानें पुसिलें, "जागा भरली. राज्याचें सगळें दप्तर पुसूं काय?" स्क्रिप्ट म्हणाली, होय. "नक्की?" होय. "नकलाही?" होय. दुपारपावेतों राज्य कोरें जाहलें.

सरकार संतापोन पुसते जाहले, "दोष बाईंचा काय?" दरबार म्हणाला, "होय." "घालवावें काय?" "होय." बाईंनीं डबा उचलिला आणि चालत्या जाहल्या. "बाईंवांचून कारभार चालेल ना?" दरबार म्हणाला, "होय."

एवंच, बाई गेल्या, दप्तर गेलें, गौरवलेख राहिला. स्क्रिप्ट थांबवावी कशी हें मागें कोणासच ठाऊक नाहीं. सबब ती अद्याप रोज रिकाम्या ठाण्यांवर जाते, सरकार थोर आहेत हें मान्य करिते, आणि परत येते.