चार नंबर फलाट

दर गुरुवारी सकाळी दहा चाळीसला हिवरखोरे एस.टी. स्टँडच्या चार नंबर फलाटावर एक देश लागतो आणि अकरा मिनिटं थांबतो. मी तिथे बावीस वर्षं कंट्रोलर आहे. माझं नाव म्हमाणे.

देश लागतो म्हणजे त्याची एक कड फलाटाला येऊन टेकते. कधी ती गल्ली असते, कधी मक्याचं शेत, एकदा नुसतं बर्फ होतं. मी माईकवरून पुकारा करतो, हौशी लोक चढतात, बघतात, अकराव्या मिनिटाला मी शिट्टी वाजवतो की उतरतात. तिकडचेही काही आपल्याकडे उतरतात. देश बदलत असतो. तोच पुन्हा कधी लागेल हे वेळापत्रकात नसतं.

बहुतेकांची अकरा मिनिटं फोटो काढण्यात जातात. तोडकर काकूंचं तसं नव्हतं.

स्टँडसमोर त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान. वय अठ्ठावन्न, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. गुरुवारी दहा पस्तीसला त्या मशीनवर कापड टाकायच्या, पायात बंद बूट घालायच्या आणि फलाटावर येऊन उभ्या राहायच्या. चौतीस देश त्यांनी असे पाहिले होते. सगळे मिळून सहा तास चौदा मिनिटं.

मी पाहणाऱ्यांना पाहत आलोय, म्हणून सांगतो, त्यांच्यासारखं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चढल्यावर पहिली दोन मिनिटं त्या काहीच बघायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. नवखे लोक त्यांना सल्ला विचारत.

"एक हात रिकामा ठेवायचा," त्या म्हणायच्या. "कोण काय देईल सांगता येत नाही. आणि रस्ता माहीत असला तरी विचारायचा."

"माहीत असला तरी? का बरं?"

"त्याशिवाय बोलणार काय तुम्ही त्यांच्याशी?"

मी स्वतः कधी चढलो नव्हतो. ड्युटीवर असताना स्टँड सोडता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात जॉर्जिया लागला. गावाची कड होती. एक घर, अंगणात द्राक्षाचा मांडव, बाजूला मातीची खोल भट्टी. एक म्हातारी भट्टीच्या भिंतीला होडीच्या आकाराच्या रोट्या थापत होती. काकू चढल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग भट्टीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या. म्हातारीनं त्यांच्याकडे बघून पिठाचा एक गोळा पुढे केला.

त्याच वेळी तिकडून एक म्हातारा आपल्या फलाटावर उतरला. ऐंशीचा तरी असेल. हातात काठी, डोक्यावर लोकरीची टोपी. मला वाकून नमस्कार केला आणि स्टँडच्या दाराकडे निघाला. मी घड्याळ दाखवलं, त्यानं मान हलवली. मला वाटलं, कळलं.

सातव्या मिनिटाला म्हातारी भट्टीवरून उठली आणि इकडेतिकडे बघायला लागली. मग कडेला येऊन हाका मारू लागली, "ओतार! ओतार!" तो तिचा नवरा होता. भाषा कोणालाच येत नव्हती, पण हाक कळत होती.

काकूंनी हातातलं पीठ झटकलं आणि फलाटावर उडी मारली.

"म्हमाणेभाऊ, म्हातारा कुठे गेला?"

"बाहेर. किती वेळ झाला बघा, आठ मिनिटं होत आली."

त्या पळत सुटल्या. आमचा हमाल सिदाप्पा हातगाडी घेऊन त्यांच्या मागे गेला, कारण म्हाताऱ्याचा गुडघा धड नाही हे त्यानं उतरताना हेरलं होतं.

ओतार रसवंतीत सापडला. टोपी मांडीवर ठेवून तो उसाच्या चरकाचे घुंगरू ऐकत बसला होता. पुढचा पेला भरलेलाच. रसवंतीवाल्यानं नंतर सांगितलं की त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो घुंगरांबरोबर काहीतरी गुणगुणत होता. काकूंनी त्याला हाताला धरून उठवलं, सिदाप्पानं गाडीवर बसवलं.

इकडे अकरा मिनिटं झाली. मी शिट्टी तोंडात धरली.

तोवरच्या वीस वर्षांत मी एकही देश उशिरा सोडला नव्हता. चार नंबरवर मागून कराडची गाडी लागायची असते. नियम स्पष्ट आहे, प्रवासी राहिला तर राहिला. म्हातारी कडेवर उभी होती. आता ती हाका मारत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी शिट्टी तोंडात तशीच ठेवली आणि वाजवली नाही. चाळीस सेकंद.

हातगाडी खडखडत आली. सिदाप्पानं खालून उचललं, काकूंनी वर चढून ओतारला ओढून घेतलं. म्हातारीनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारली. त्या मिठीत काकूंचा हातही अडकला.

"काकू, उतरा," मी ओरडलो. "देश सोडतोय!"

त्यांनी हात सोडवून घेतला. एकदा दुकानाकडे पाहिलं. एकदा भट्टीकडे पाहिलं.

"वाजवा शिट्टी, म्हमाणेभाऊ."

"अहो, परत कधी लागेल काही सांगता येत नाही! मी वीस वर्षांत एकदाच पाहिलाय हा."

"चौतीस देश झाले," त्या म्हणाल्या. "एकाही ठिकाणी भट्टीतली भाकरी बाहेर येईपर्यंत थांबता आलं नाही मला. वाजवा."

मी वाजवली. जॉर्जिया सुटला.

विभागीय कार्यालयानं खुलासा मागवला. 'देश चाळीस सेकंद उशिरा का सोडला?' मी लिहिलं, 'प्रवाशांच्या हितासाठी.' दुसरा प्रश्न होता, 'प्रवासी एक कमी कसा?' मी लिहिलं, 'प्रवास चालू आहे.' दोन्ही मान्य झाले. काकूंच्या दुकानात तेवीस ब्लाऊज अडकले होते. बायका रोज येऊन मला विचारायच्या, जसा काही मीच शिंपी. पण गंमत म्हणजे एकीनंही दुसरीकडे कापड टाकलं नाही.

चौदा महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, दोन नंबरवर लागलेल्या सातारा गाडीतून तोडकर काकू उतरल्या. रंग रापला होता. पाठीवर एक झोळी. चार नंबरवरून गेलेलं माणूस दोन नंबरवर उतरल्याचं स्टँडच्या इतिहासात हे पहिलंच.

मी रजिस्टर उघडलं. "कुठून आलात?"

"जॉर्जिया. मग आर्मेनिया, इराण. बंदर अब्बासहून बोटीनं मुंबई, तिथून सातारा."

"एकट्या?"

"निघताना एकटी. वाटेत कुठे राहू देतात एकटं?"

मी लिहून घेतलं. "आणि कागदपत्रं?"

"आपल्या वकिलातीत गेले. त्यांनी विचारलं, आलात कशा? म्हटलं, चार नंबर फलाटावरून. त्यांनी लिहून घेतलं आणि पासपोर्ट दिला."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्या म्हणाल्या, भाकरी त्याच दिवशी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी निघणार होत्या, पण द्राक्षं तोडणीला आली, मग ओतारच्या नातीच्या लग्नाचे कपडे शिवायचे निघाले, मग बर्फ पडलं. वाटेत कुठेही उतरलं की जिथे बायका बसल्यात त्या बाकावर जाऊन बसायचं, मुक्कामाची सोय तिथेच होते, असं त्यांनी सांगितलं. मी तेही लिहून घेतलं, रकाना नव्हता तरी.

मग कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "इराणात एक छोटं गाव आहे, म्हमाणेभाऊ. डाळिंबाचं. तिथल्या स्टँडवरही लागतात."

"देश?"

"नाही, त्यांच्याकडे गावं लागतात. सोमवारी. तीन मिनिटं. मी उभी होते तेव्हा हिवरखोरे लागलं."

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला आमचा फलाट जरा हलतो खरा. आम्ही ते गावाबाहेरच्या खडी क्रशरचे हादरे समजत होतो.

"तुम्ही का नाही चढलात?" मी विचारलं. "घरीच आला असता की."

"अर्धा रस्ता बाकी होता ना माझा," त्या म्हणाल्या.

मला विचारायचं ते विचारायला धीर होत नव्हता. शेवटी विचारलं. "हिवरखोरे वेळेवर लागतं का?"

"अगदी," काकू म्हणाल्या. "लोक आधीपासून येऊन उभे असतात."

तेव्हापासून सोमवारी मी दाढी करून येतो. पावणेचारला फलाट झाडून घेतो. गेल्या सोमवारी फलाट हलला आणि तिकडचे एक गृहस्थ कडेवरून आत आले, माझ्याशी काहीतरी बोलले. मला भाषा कळली नाही. मी त्यांना माझी खुर्ची दिली. तीन मिनिटं ते तिच्यावर बसले, स्टँड बघत, आणि मी शेजारी उभा होतो.