थांबायची कमांड

फैजपूरच्या वजनकाट्यावर मोनाली पाय आपटतच आली. कालबाह्य कमांड काढली, यात तिचा काय गुन्हा? रतिलालशेठनी आपल्या केळी खरेदीचा जुनाट प्रोग्राम तिला नव्या भाषेत करायला दिला होता. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. जमलं तर जळगावच्या गोदामाचं कामही तिलाच मिळणार होतं. तिनं एकेक जुनी कमांड काढून नवी घातली. त्यातली एक तर नुसती थांबायची होती! गाडी काट्यावर चढली की प्रोग्राम गप्प बसे आणि बन्सीलाल मुनीम कळ दाबेपर्यंत वजनच नोंदत नसे. ती तिनं उडवली. आता आकडा स्थिर झाला की वजन आपोआप नोंदलं जाई.

"बागेत केळी तेवढीच, काट्यावर मात्र जास्त! कशी?" शेठ कडाडले.

"माझा प्रोग्राम बरोबर आहे, शेठ. काटा तपासा."

"तपासला. तोही बरोबर आहे!"

तेवढ्यात तोतारामचा टेम्पो काट्यावर चढला. केबिनमध्ये तोताराम, त्याची बायको धुरपदाबाई आणि शिरपूरहून आलेले लठ्ठ व्याही, मागे घडांवर दोन भाचे. वजन नोंदलं गेलं आणि मगच मंडळी उतरून चहाला गेली. केळी उतरवून रिकामा टेम्पो परत काट्यावर आला, तेव्हा त्यात एकटा तोताराम होता. म्हणजे व्याही केळीच्या भावानं विकले गेले होते.

मोनालीचा पारा चढला. "बन्सीलालभाऊ, हे आधीपण बसूनच यायचे?"

"यायचे ना. पण मशीन थांबायचं, मी निवांत तंबाखू मळायचो. तोवर उन्हानं कंटाळून सगळे खाली उतरायचे. मग दाबायचो कळ."

"आणि हे मला आधी कुणी सांगितलं नाही!"

"मला तरी कुठं माहीत होतं? मशीन थांबायचं, मीही थांबायचो."

इतकी वर्षं सगळा व्यवहार मुनीमाच्या तंबाखूवर चालला होता, आणि खापर तिच्या डोक्यावर! ती तणतणत धुरपदाबाईकडे गेली. "अक्का, व्याह्यांना वजनाला आणता? शोभतं का हे?"

"आम्ही कायले आणू व? ते बाग पाह्याले आले. अन् तुहं मशीन इचारत नाही, तं आम्ही कायले सांगू?"

शेठनी हुकूम सोडला, "जुनी कमांड परत घाल."

"ती नव्या भाषेत नाही, शेठ. वेगळं लिहून तपासावं लागेल. उद्यापर्यंत वेळ द्या."

"आणि तोवर? बाहेर गाड्यांची रांग लागली आहे!"

सगळ्यांनी मोनालीकडे पाहिलं.

थोड्या वेळानं डोक्याला ओढणी गुंडाळून कॉम्प्युटरची पदवीधर मोनाली भर उन्हात काट्याच्या तोंडाशी उभी होती आणि प्रत्येक गाडीवर ओरडत होती, "आधी उतरा! सगळे उतरा! मामा, तुम्हीपण!" संतापानं तिचा आवाज असा काही लागला होता की माणसं मुकाट्यानं उतरत होती. दुसरी खेप घेऊन आलेली धुरपदाबाईसुद्धा उतरली.

"पह्यलं मशीन बरं व्हतं व माय," ती पुटपुटली. "ते थांबायचं, पण वरडत नव्हतं."

संध्याकाळी आकडे जुळले. शेठ खूश होऊन खिडकीतून म्हणाले, "ती थांबायची कमांड आता लिहूच नकोस गं, हे झकास चाललंय. जळगावचं कामही तुलाच! तिथल्या काट्यावर तर सावलीसुद्धा आहे."